वीज जाते तेव्हा उपकेंद्रात काय घडते?

वीज गेली की घराघरातून सर्वांत आधी कोणाचा उद्धार होतो? महाराष्ट्रात ‘एमएसईबीवाल्यां’चा आणि जबलपुरात ‘बिजली बोर्डवाल्यां’चा! खरे तर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्येच विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. मध्यप्रदेशच्या मंडळाचीही त्याच दशकात अशीच वाटणी झाली. पण लोकांच्या तोंडी नावे जुनीच राहिली आणि तक्रारही जुनीच राहिली, “घालवली यांनी वीज!”

या तक्रारीत एक गोष्ट मात्र खरी असते. बहुतेक वेळा वीज आपली आपण जात नाही, ती कोणीतरी तोडलेली असते. कधी माणसाच्या हाताने, पण बऱ्याचदा यंत्राने. आणि ती जेथे तोडली जाते, ते ठिकाण म्हणजे वीज उपकेंद्र. गावाबाहेर तारेच्या कुंपणाआड लोखंडी खांब, चिनी मातीच्या बरण्यांसारखे दिसणारे इन्सुलेटर, अखंड गुणगुणणारी अवजड यंत्रे आणि फाटकावर कवटीचे चित्र असलेली लाल पाटी. एसटीतून जाताना आपण ते शेकडो वेळा पाहिलेले असते. उपकेंद्र आपल्याला वीज पुरवते, एवढे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण योग्य क्षणी आणि योग्य जागी वीज तोडणे हेही त्याचे तेवढेच मोठे काम आहे. हे काम बिनचूक झाले तर अंधार एका गल्लीपुरता राहतो. ते चुकले, तर अर्धा देश अंधारात जाऊ शकतो. तसे एकदा घडलेलेही आहे.

हे सारे समजून घ्यायला जबलपूरसारखे दुसरे शहर नाही.

विजेचे जंक्शन

जबलपूर म्हटले की मराठी माणसाला भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि नर्मदेचा धुवांधार आठवतो. १९५६ पर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. राज्यपुनर्रचनेनंतर नव्या मध्यप्रदेशची राजधानी भोपाळला गेली. जबलपूरच्या वाट्याला आले ते उच्च न्यायालय आणि विद्युत मंडळाचे मुख्यालय. रामपूर भागातील ‘शक्तिभवन’ ही या मंडळाची वास्तू. मंडळाची वाटणी झाली तरी वीजनिर्मिती आणि पारेषण करणाऱ्या सरकारी कंपन्यांची मुख्यालये जबलपुरातच राहिली. साऱ्या मध्यप्रदेशच्या विजेवर रात्रंदिवस नजर ठेवणारे राज्य भार प्रेषण केंद्रही येथेच, नयागाव येथे आहे.

पण जबलपूरचे महत्त्व केवळ कार्यालयांमुळे नाही, तर नकाशावरच्या त्याच्या जागेमुळेही आहे. मध्य भारतातला कोळसा पूर्वेला, सिंगरौली आणि कोरबा या पट्ट्यात सापडतो. कोळसा लांब वाहून नेण्यापेक्षा तेथेच जाळून वीज करणे सोयीचे, म्हणून मोठी औष्णिक केंद्रे त्या बाजूला उभी राहिली. सिंगरौली जिल्ह्यातील विंध्याचल केंद्राची क्षमता ४,७६० मेगावॅट, तर एनटीपीसीच्या कोरबा केंद्राची २,६०० मेगावॅट आहे. कारखाने आणि मोठी शहरे मात्र पश्चिमेकडे, म्हणजे इंदूर, गुजरात आणि महाराष्ट्राच्या बाजूला. पूर्वेची वीज पश्चिमेला न्यायची तर वाट महाकोशलातून जाते. विंध्याचलहून निघालेली ४०० किलोव्होल्टची वाहिनी जबलपूर, इटारसी, इंदूर असे टप्पे घेत गुजरातमधील आसोजपर्यंत पोहोचते. पुढे ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्या आल्या. छत्तीसगडमधील धरमजयगडहून येणारी वीज जबलपूरच्या ‘पूलिंग’ उपकेंद्रात जमा होते आणि तेथून बीना, भोपाळ, तसेच उत्तर प्रदेशातील ओराईच्या दिशेने जाते.

रेल्वेच्या जंक्शनवर जसे गाड्यांचे मार्ग जुळतात आणि फुटतात, तसेच येथे विजेचे. फरक एवढाच की, येथे गाडी थांबवून ठेवता येत नाही. वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी ती कुठेतरी वापरली गेली पाहिजे.

चढणारा आणि उतरणारा जिना

आपल्या घरात वीज येते २३० व्होल्ट दाबाने. मग वाहिन्यांत लाखो व्होल्टचा दाब कशासाठी? विहिरीपासून शेतापर्यंत गळक्या पाटाने पाणी नेले तर वाटेतच बरेच मुरते. विजेचेही तसेच आहे. तारेतून प्रवाह जितका जास्त, तितकी तार तापते आणि वीज वाटेतच वाया जाते. दाब दहापट वाढवला की तेवढीच वीज दशांश प्रवाहात नेता येते आणि त्याच तारेतली गळती शंभराव्या हिश्श्यावर येते. म्हणून वीज केंद्रातून निघताना तिचा दाब चढवायचा आणि गावाजवळ आली की पायरीपायरीने उतरवायचा.

हा जिना म्हणजेच उपकेंद्रांची साखळी. ७६५ वरून ४०० किलोव्होल्ट, ४०० वरून २२०, मग १३२, मग ३३, मग ११ आणि शेवटी आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचे रोहित्र, ज्याला आपल्याकडे ‘डीपी’ म्हणतात. तेथून २३० व्होल्टने वीज आपल्या घरात. जबलपूरच्या आयुध निर्माणी, रेल्वे आणि मोठे कारखाने जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवरून वीज उचलतात. नर्मदेचे पाणी उचलून शहराला देणारे पंपही याच जिन्यावर अवलंबून आहेत. म्हणूनच वीज गेली की दुसऱ्या दिवशी नळालाही पाणी येत नाही.

ही कल्पना काही नवी नाही. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, तीही उंच दाबाने परळच्या केंद्रात येत असे आणि तेथे दाब उतरवून गिरण्यांना वाटली जात असे.

फाटकाच्या आत

उपकेंद्राच्या फाटकातून आत गेले की पायाखाली खडी लागते. ही खडी शोभेची नाही. जमिनीत विजेचा प्रवाह उतरलाच, तर तो माणसाच्या पायांतून सहजासहजी जाऊ नये, रोहित्राचे तेल सांडले तर त्याचे तळे होऊन पेटू नये आणि गवत माजू नये, अशा तीन कारणांसाठी ती पसरलेली असते.

सर्वांत मोठे यंत्र म्हणजे रोहित्र. त्याच्या पोटात लोखंडाच्या पत्र्यांचा गाभा आणि तांब्याच्या तारांची वेटोळी तेलात बुडालेली असतात. तेलामुळे ती थंड राहतात आणि एकमेकांपासून विलगही राहतात. आपल्याला जी घरघर ऐकू येते ती याच गाभ्याची. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि प्रत्येक आवर्तनात गाभा दोनदा किंचित ताणला जातो, म्हणून ही घरघर सेकंदाला १०० कंपनांची असते. मुरलेला ऑपरेटर आवाज बदलला की लगेच कान टवकारतो.

रोहित्राच्या बाजूला काचेच्या भांड्यात सिलिका जेलचे खडे असतात. रोहित्र श्वास घेते तेव्हा हवेतला ओलावा हे खडे शोषून घेतात. खडे निळे असतील तर ठीक, गुलाबी पडले की बदलायची वेळ झाली. वरच्या नळीत बुखोल्झ रिले नावाचे छोटे उपकरण बसवलेले असते. रोहित्राच्या पोटात काही जळू लागले तर तेलात बुडबुडे येतात. ते येथे अडकले की धोक्याची घंटा वाजते आणि बिघाड मोठा असेल तर रोहित्र आपोआप बंद पडते.

डोळ्याचे पाते लवायच्या आत

आता मुख्य गोष्ट. वादळात झाडाची फांदी तारेवर पडली, माकडाने उडी मारली किंवा पतंगाचा ओला मांजा अडकला, तर वाहिनीतून नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह धावू लागतो. उपकेंद्रातले रिले वाहिनीची नाडी सतत पाहत असतात. त्यांना बिघाड दिसला की ते सर्किट ब्रेकरला हुकूम देतात आणि ब्रेकर वीज तोडतो. ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर हे सारे साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उरकावे लागते. तेवढ्या वेळात काम झाले नाही तर तारा वितळतात, रोहित्रे जळतात आणि आजूबाजूच्या वाहिन्याही धोक्यात येतात.

एवढा मोठा प्रवाह तोडताना मध्ये ठिणगी पडते. ती साधीसुधी नसते, विजेचा लोळच तो! ब्रेकरच्या बंद कोठीत एसएफ-सिक्स नावाचा वायू किंवा निर्वात पोकळी असते, त्यात हा लोळ विझतो. ब्रेकरच्या शेजारी उघड्यावर दिसणारे लांब हातांचे आयसोलेटर मात्र भार असताना कधीही उघडायचे नसतात. आधी ब्रेकर, मग आयसोलेटर, हा क्रम चुकला तर समोर उभ्या माणसाच्या जिवावर बेतते.

आणि सगळीकडचीच वीज गेली तर ब्रेकरला कोण चालवणार? त्यासाठी उपकेंद्राच्या एका खोलीत बॅटऱ्यांची रांग मांडलेली असते. वीज तोडण्यासाठी लागणारी वीज ही अशी वेगळी राखून ठेवलेली असते.

आपल्या घरी पावसाळ्यात वीज जाते, मिनिटभराने येते, पुन्हा जाते. आपण म्हणतो, “खेळ चालवलाय!” प्रत्यक्षात उपकेंद्रातला ऑपरेटर फीडर ‘घेऊन’ पाहत असतो. फांदी गळून पडली असेल तर फीडर टिकतो. टिकला नाही, तर बिघाड कायमचा आहे असे समजून वायरमनला शोधायला पाठवावे लागते.

पन्नासचा काटा

उपकेंद्रातल्या आणि भार प्रेषण केंद्रातल्या माणसांची नजर एका आकड्यावर खिळलेली असते, तो म्हणजे ५०. विजेची मागणी आणि निर्मिती सारखी असली की वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने राहते. मागणी वाढली की ती घसरते, निर्मिती जास्त झाली की वाढते. आपल्याकडे ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ती ठेवण्याचा नियम आहे. ती फारच घसरली तर काही उपकेंद्रांत बसवलेले खास रिले ठरलेले फीडर आपोआप तोडतात. थोड्यांची वीज जाते, पण बाकीच्यांची वाचते.

५ एप्रिल २०२० ची रात्र आठवते? करोनाच्या टाळेबंदीत रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवून पणत्या लावायचे आवाहन होते. आपल्यासाठी तो भावनेचा क्षण होता, वीज यंत्रणेसाठी मात्र कसोटीचा. थोडक्या मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली आणि पुन्हा तशीच चढली. कोळशाची केंद्रे इतक्या चपळाईने वरखाली करता येत नाहीत. ते काम प्रामुख्याने जलविद्युत केंद्रांनी केले, कारण पाण्याचे दार झटपट लावता-उघडता येते. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील बरगी धरणाचे ९० मेगावॅटचे केंद्र आकाराने लहान असले तरी याच चपळ जातीचे. भार उतरला की वाहिन्यांचा दाब चढतो, त्यालाही आवर घालावा लागतो. ते काम उपकेंद्रांतील उपकरणांचे. त्या रात्री वारंवारता ४९.७० ते ५०.२६ यांच्यामध्ये राहिली आणि कुठेही मोठा बिघाड झाला नाही.

जुलै २०१२ चे ते दोन दिवस

वीज चुकीच्या वेळी तुटली तर काय होते, याचा धडा देशाला जुलै २०१२ मध्ये मिळाला आणि त्याची सुरुवात मध्यप्रदेशातच झाली.

उत्तरेकडील राज्ये त्या उन्हाळी दिवसांत आपल्या वाट्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. पश्चिमेकडे वीज शिलकीत होती. ती उत्तरेला नेणाऱ्या वाहिन्यांपैकी काही कामासाठी बंद होत्या, त्यामुळे बीना ते ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्ट वाहिनीवर फार ताण आला होता. ३० जुलैच्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी ही वाहिनी तुटली. तारेवर काही पडले नव्हते की कुठे ठिणगी उडाली नव्हती. भारच एवढा चढला होता की रिलेला तो बिघाडासारखा भासला! मग पश्चिमेची वीज पूर्वेकडून वळसा घेऊन उत्तरेत जाऊ लागली, त्या वाहिन्यांनाही ते झेपेना आणि त्या एकापाठोपाठ एक तुटल्या. एकाकी पडलेल्या उत्तर भारतात मागणी जास्त आणि वीज कमी. वारंवारता घसरली. अशा वेळी फीडर आपोआप तोडून भार हलका करणाऱ्या रिलेंनी पुरेसे काम केले नाही आणि सुमारे ३६ हजार मेगावॅटचा भार अंधारात गेला.

दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी १ च्या सुमारास, तीच बीना-ग्वाल्हेर वाहिनी पुन्हा तुटली. या वेळी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारतही गेला. सुमारे ४८ हजार मेगावॅटचा भार बंद पडला, ६० कोटींहून अधिक लोकांना झळ पोहोचली. गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, दिल्लीची मेट्रो थांबली, पश्चिम बंगालमधील कोळसा खाणींत कामगार अडकले, त्यांना नंतर सुखरूप वर काढण्यात आले.

पश्चिम क्षेत्र, म्हणजे जबलपूर, महाराष्ट्र, गुजरात, गोवा हा सारा भाग, दोन्ही दिवशी वाचला. येथे वीज उरली होती, त्यामुळे वारंवारता वर गेली. काही जनित्रे बंद झाली आणि तोल सावरला. त्या दोन दिवसांत एक गोष्ट उघड झाली. जेथे तोडायला नको होते तेथे यंत्राने तोडले आणि जेथे तोडायला हवे होते तेथे पुरेसे तोडले नाही. दोन्ही चुकांचे मूळ उपकेंद्रांतल्या छोट्याशा पेट्यांत, म्हणजे रिलेंत आणि त्यांच्या जुळणीत होते.

त्यानंतर उत्तर आणि पश्चिम यांना जोडणाऱ्या वाहिन्या वाढल्या. जबलपूर-ओराई ही त्यांतलीच एक. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण भारतही उर्वरित देशाशी जोडला गेला आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच काटा फिरू लागला. जोडणी वाढली तशी मदत वाढली, पण जबाबदारीही वाढली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईला वीज पुरवणाऱ्या कळवा-पडघे परिसरातील वाहिन्या एकापाठोपाठ बंद पडल्या आणि लोकल गाड्यांसह मुंबई तासन् तास खोळंबली, हे अनेक वाचकांनी अनुभवले असेल.

एका कागदावर टांगलेला जीव

यंत्राने तोडलेल्या विजेबद्दल एवढे झाले. माणसाने मुद्दाम तोडलेल्या विजेमागची गोष्ट याहून लहान, पण जास्त जिवाभावाची आहे.

खांबावर चढून काम करायचे असेल तर वायरमन किंवा त्याचा अभियंता उपकेंद्रातून ‘परमिट’ घेतो. ऑपरेटर ब्रेकर उघडतो, आयसोलेटर उघडतो, वाहिनी जमिनीला जोडतो, कुलूप लावतो आणि ‘माणसे काम करीत आहेत’ अशी पाटी टांगतो. मग वेळ घालून, सही करून परमिट दिले जाते. ज्याने ते घेतले, त्यानेच ते परत करायचे आणि तोवर वीज सोडायची नाही, असा कडक नियम आहे. खांबावर चढलेल्या माणसाला दूरच्या उपकेंद्रातले बटण दिसत नाही, ऑपरेटरला खांब दिसत नाही. दोघांमध्ये असतो तो एक कागद आणि एकमेकांवरचा विश्वास.

अशा वेळी उपकेंद्राचा फोन घणघणत असतो. कोणाकडे लग्न असते, कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणी पुढाऱ्याचे नाव सांगून दटावतो. ऑपरेटरने दबावाला बळी पडून वीज सोडली, तर खांबावरच्या माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही.

आणखी एक धोका आपल्या घरातूनच निघतो. वीज गेली की दुकानात, मंगल कार्यालयात किंवा घरी जनरेटर सुरू होतो. तो चेंजओव्हर स्विच न बसवता सरळ घरच्या तारांना जोडलेला असेल, तर त्याची वीज उलटी वाहत जाऊन गल्लीच्या रोहित्रातून हजारो व्होल्टने वाहिनीत चढते. उपकेंद्राने बंद केलेली तार अशी आपल्यामुळे जिवंत होते. म्हणूनच काम सुरू करण्यापूर्वी वाहिनी जमिनीला जोडण्याचा नियम आहे.

आपल्या हाती एवढे

जनरेटर किंवा इन्व्हर्टर जाणकाराकडूनच जोडून घ्यावा आणि जनरेटरला चेंजओव्हर स्विच बसवावाच. संक्रांतीला मुलांना वाहिन्यांजवळ पतंग उडवू देऊ नये. चेंडू उपकेंद्राच्या कुंपणात गेला तर तो गेला असेच समजावे. कुंपण ओलांडण्याइतका कोणताही चेंडू मोलाचा नसतो. तुटलेली तार जमिनीवर दिसली तर ती मेलेली आहे असे कधीही समजू नये. जवळ असाल तर लांब ढांगा न टाकता, पाय जमिनीला घासत बारीक पावलांनी दूर व्हावे, कारण जमिनीत उतरलेली वीज दोन पायांमधल्या अंतरातून अंगात शिरते. वीज परत आल्यावर पंप, गिझर आणि कूलर एकदमच सुरू न करता थोड्या थोड्या अंतराने सुरू केले, तर नुकताच सावरलेला फीडर पुन्हा कोसळत नाही.

आणि तक्रार? ती जरूर करावी. १९१२ हा क्रमांक त्यासाठीच आहे. वीज का गेली आणि केव्हा येईल, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. पण पलीकडून “परमिट दिले आहे, काम चालू आहे” असे उत्तर आले, तर “लवकर सोडा” हे दोन शब्द गिळून टाकावेत. तो अंधार कोणाच्या तरी घरचा माणूस संध्याकाळी सुखरूप परतावा म्हणून केलेला असतो.